वाचकांचे प्रश्न : छोट्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन घरी सुधारताना

छोट्या गाड्यांच्या पुढच्या सस्पेन्शनविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. साताऱ्याच्या वाचकांनी विचारलेला प्रश्न बहुतेकांच्या मनातला असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझी ८०० सीसीची पेट्रोल गाडी तेरा वर्षे वापरात आहे आणि तिचे १ लाख १० हजार किलोमीटर झाले आहेत. आम्ही साताऱ्यात राहतो आणि यवतेश्वर घाटातून कासच्या बाजूला असलेल्या गावी आमचे वरचेवर जाणे होते. घाटाच्या वळणांवर गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकते, ब्रेक लावला की पुढून दबते आणि गतिरोधकावरून उतरताना पुढच्या डाव्या बाजूने ‘खट्’ असा आवाज येतो. पान्यांचा चांगला संच माझ्याकडे आहे आणि दुचाकीची कामे मी स्वतःच करतो. पुढे कडक आणि थोड्या बुटक्या स्प्रिंग व नवे शॉकअप घरीच बसवावेत असा विचार आहे. हे योग्य होईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची नळी, बदलण्याचा आपला विचार योग्य आहे, स्प्रिंगचा विचार मात्र सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोलादी स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या आणि पोलादाचा अंगचा ताठपणा या चार गोष्टींवर ठरतो, आणि तेरा वर्षांच्या वापराने यांपैकी कशातही फारसा फरक पडत नाही. जुनी स्प्रिंग थोडी बसते, म्हणजे तिची उंची कमी होते, किंवा गंज धरून तिचे खालचे टोक तुटते. परंतु ती पूर्वी मऊ नव्हती आणि आता मऊ झाली, असे सहसा होत नाही. गाडी पूर्वी ठीक होती आणि आता झुकते, अशी तक्रार असेल तर दोष झिजणाऱ्या भागांत शोधावा लागतो, आणि झिजणारे भाग म्हणजे शॉकअप आणि रबरे.

झुकण्याचेही दोन प्रकार असतात आणि त्यांची कारणे वेगळी असतात. एखाद्या लांब वळणात गाडी एकाच वेगाने चालली असताना ती किती कलून राहते, हे स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार यांवर अवलंबून असते. त्या कलण्याशी शॉकअपचा संबंध नसतो. वळणात शिरताना ती किती झपाट्याने कलते आणि वळण संपल्यावर किती वेळ डुलत राहते, हे मात्र शॉकअप ठरवतो. यवतेश्वर घाटासारख्या रस्त्यावर एक वळण संपण्याआधी दुसरे उलट्या दिशेने सुरू होत असल्यामुळे गाडीला स्थिर व्हायला वेळच मिळत नाही, आणि तिथे शॉकअपचा दोष सर्वांत आधी जाणवतो. ब्रेक लावल्यावर गाडी पुढून झटकन दबणे हेही त्याच दोषाचे लक्षण आहे. आपला अनुभव या दुसऱ्या प्रकाराचा असावा, असे पत्रावरून दिसते.

काहीही विकत आणण्यापूर्वी घरी करता येण्याजोग्या तपासण्या कराव्यात. पहिली तपासणी टायरमधल्या हवेची. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या दाबापेक्षा हवा कमी असेल तर टायरच बाजूला दबतो आणि ती लचक सस्पेन्शनच्या खाती जमा होते. केवळ हवा भरून तक्रार मिटल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर शॉकअपच्या नळीवर तेल आहे का ते पाहावे. रॉडजवळ धूळ धरलेला पुसटसा ओलावा चालतो, पण नळीवरून तेलाचा ओघळ उतरला असेल तर तो शॉकअप संपला, असे समजावे. बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची पद्धत सर्वांना माहीत असते. सोडल्यावर गाडीने वर येऊन थांबावे, ती पुन्हा खालीवर होऊ लागली तर शॉकअपमध्ये दम उरलेला नाही. या चाचणीत नापास झालेला शॉकअप खराब असतो हे नक्की, पण पास झालेला चांगला असतो असे मात्र नाही, कारण हाताने दाबण्याचा वेग खड्ड्यातल्या हादऱ्याच्या मानाने फार कमी असतो.

‘खट्’ आवाजाचा शोध वेगळा घ्यावा लागतो. गाडी स्टँडवर घेऊन चाक वरून आणि खालून धरून हलवावे. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, आणि तसाच राहिला तर लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) किंवा त्याच्या बाहेरच्या टोकाचा गोल सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, यांचा असण्याची शक्यता जास्त. टायरखाली पहार घालून चाक अलगद वर उचलले की बॉल जॉइंटचा खेळ डोळ्यांनाही दिसतो. गाडी जमिनीवर असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे आणि त्या वेळी दुसऱ्या माणसाने स्प्रिंगला नुसते बोट लावून पाहावे. स्प्रिंग सरळ फिरण्याऐवजी अडकून ‘टण्’ करत सुटत असेल तर शॉकअपच्या डोक्यावरचे माउंटिंग आणि त्यातले बेअरिंग गेलेले असते. शेवटी स्टॅबिलायझर बारची रबरे पाहावीत. मारुती ८०० आणि जुन्या ऑल्टो यांच्या रचनेत हा बार फक्त झुकणे रोखत नाही, तर लोअर आर्म पुढेमागे सरकू नये म्हणून त्याला धरूनही ठेवतो. तिथली रबरे चेपली की ब्रेक लावताना चाकच किंचित मागे सरकते, गाडी एका बाजूला ओढते आणि गतिरोधकावर आवाज येतो. ही रबरे सस्पेन्शनमधला सर्वांत स्वस्त भाग असून सर्वांत उशिरा बदलला जातो, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

आता सुधारणेविषयी. खराब रबरे, माउंटिंग आणि गरज असल्यास बॉल जॉइंट आधी बदलावेत आणि त्यासोबत दोन्ही बाजूंचे शॉकअप जोडीनेच बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी खड्ड्यात एका बाजूला वेगळी वागते. मूळ शॉकअप केवळ तेलाचा असेल आणि त्याच गाडीसाठी गॅस भरलेला प्रकार मिळत असेल तर तो घेण्याइतकी सुधारणा आपल्या वापराला पुरेशी आहे. खराब रस्त्यावर शॉकअप सतत हलत राहिला की आतल्या तेलात बुडबुडे होऊन फेस येतो आणि फेसातून पिस्टन सहज सरकतो, त्यामुळे ऐन गरजेच्या वेळी शॉकअप ढिला पडतो. नायट्रोजनचा दाब तेलावर असला की बुडबुडे लवकर बनत नाहीत. गावापर्यंतच्या शेवटच्या कच्च्या टप्प्यात हा फरक जाणवेल. शहरात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत जाण्यात तो फारसा जाणवणार नाही.

कडक आणि बुटक्या स्प्रिंगला आमचा विरोध का, हे थोडे खोलात जाऊन सांगणे आवश्यक आहे. आपल्या गाडीच्या पुढच्या रचनेला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४०च्या दशकात ती विकसित केली आणि १९५० मध्ये आलेल्या ब्रिटनमधील फोर्ड कॉन्सल व झेफिर या गाड्यांमुळे ती रूढ झाली. वरचा आर्म काढून टाकून त्याचे काम शॉकअपच्या नळीवरच सोपवल्यामुळे जागा आणि पैसा दोन्ही वाचतात, म्हणून जगभरच्या छोट्या गाड्यांनी ती स्वीकारली. या काटकसरीची किंमत गाडी खाली घेताना चुकवावी लागते. लोअर आर्म साधारणपणे आतून बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरता असतो. गाडी चाळीस मिलिमीटर खाली घेतली की तो आडवा होतो किंवा उलटा चढता होतो, आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडीचे अंग कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोहोंमधले अंतर वाढते आणि वळणात गाडीला कलवणारी तरफ लांब होते. म्हणजे बुटक्या स्प्रिंगचा कडकपणा पुरेसा वाढलेला नसेल, तर खाली घेतलेली गाडी पूर्वीपेक्षा जास्तही झुकू शकते. त्याशिवाय टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोहोचवणारा दांडा) आणि लोअर आर्म यांच्या कोनांचा मूळ मेळ बिघडतो, आणि खड्ड्यात चाक वर जाताना ते स्टिअरिंग न हलवताही किंचित वळते.

कडकपणाचे गणितही फसवे आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार केवळ १० टक्के जाड घेतली तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते. काही ठिकाणी सुचवतात त्याप्रमाणे काम करणाऱ्या सहा वेटोळ्यांपैकी एक कापून टाकले तर ती २० टक्के कडक होते, शिवाय कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही आणि चाक मोकळे लोंबताना स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. स्प्रिंग कडक झाली की तिला आवरण्यासाठी शॉकअपही तेवढा जोरकस लागतो. जुनाच शॉकअप ठेवला तर गाडी खड्ड्यात आपटते आणि नंतर डुलतही राहते, म्हणजे दोन्हींकडचे तोटे पदरात पडतात. आपल्या भागातील गतिरोधकांची उंची पाहता गाडी खाली घेण्याचा सल्ला आम्ही कोणालाच देणार नाही.

राहिला प्रश्न घरी काम करण्याचा. दुचाकीच्या कामाचा सराव असलेल्या माणसाला स्ट्रट, म्हणजे शॉकअप, स्प्रिंग आणि माउंटिंग यांचा एकत्र जोड, काढून पुन्हा बसवणे जमते, पण त्यातला एक टप्पा घरी करू नये. जुन्या स्ट्रटवरून स्प्रिंग उतरवताना ती दाबलेल्या अवस्थेत असते आणि स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट तेवढाच तिला धरून असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराने) पकडल्याशिवाय तो नट सोडला तर सुटलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते, आणि बाजारात मिळणारे दोन हुकांचे हलके कॉम्प्रेसर गोल वेटोळ्यावरून घसरतात. म्हणून दोन्ही स्ट्रट आपण काढावेत, पोत्यात घालून दुचाकीवरून कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजात न्यावेत, तिथे स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवून घ्यावी आणि घरी आणून बसवावेत. या कामाची मजुरी थोडी असते. डावा आणि उजवा स्ट्रट वेगळे असू शकतात; नेण्यापूर्वी त्यांवर खूण करावी. बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबताना आपटू नये म्हणून असलेले रबर) आणि धुळीचे आवरण त्याच वेळी नवे घालावे, आणि रॉडचा चकचकीत भाग पक्कडीने धरू देऊ नये, कारण त्यावर पडलेला एक ओरखडा नवे तेलसील फाडायला पुरेसा असतो.

काढण्याची रीत अशी. जागा सपाट आणि कोब्याची किंवा फरशीची असावी. मातीवर काम करायचेच असेल तर जॅकखाली जाड फळी ठेवावी. आदल्या रात्री सर्व बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. हँडब्रेक ओढून मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून उटी लावावी, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करावेत, मग गाडी उचलून पुस्तिकेत दाखवलेल्या जागी दोन मजबूत स्टँड लावावेत आणि गाडीला हाताने धक्का देऊन ती हलत नाही याची खात्री करावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. स्ट्रट ज्या दोन बोल्टांनी नकलला (चाकाचे बेअरिंग धरणाऱ्या भागाला) जोडलेला असतो त्यांच्या जागेची रंगाने खूण करून ठेवावी, ब्रेकच्या होजचे (रबरी नळीचे) क्लिप सोडवावे आणि नकलला तारेने किंवा दोरीने आधार द्यावा. तो बाहेर कलू दिला तर ब्रेकच्या होजवर ताण येतो, आणि अनेक छोट्या गाड्यांत ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट आपल्या जागेवरून निसटतो; मग सोपे काम अवघड होऊन बसते. सर्वांत शेवटी बॉनेटखालचे माउंटिंगचे बाहेरचे नट सोडावेत, मधल्या नटाला हात लावू नये.

नवा शॉकअप बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावा आणि ओढावा, म्हणजे आडवा ठेवल्यामुळे आत शिरलेली हवा वर निघून जाते. हे काम स्प्रिंग चढवण्याआधी होत असल्यामुळे गॅरेजातच करून घ्यावे. लॉकनट नवे वापरावेत आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्यानेच, आवळावेत. किती आवळायचे ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते. टॉर्क रेंच विकत घेण्याऐवजी ओळखीच्या मेकॅनिककडून दिवसभरासाठी मागून घेता येतो. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घेणे ऐच्छिक नाही, कारण खूण करून बसवले तरी त्या दोन बोल्टांच्या भोकांतला खेळ चाकाचा कोन बदलण्यास पुरेसा असतो.

प्रश्न : लोअर आर्मचे बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या) मी घरी बदलले. बुश मूळ कंपनीचे असूनही काही महिन्यांतच त्यांचे रबर चिरले. भाग बनावट असेल का? पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकचे) बुश जास्त टिकतात, हे खरे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : भाग बनावट असू शकतो, पण त्याआधी बोल्ट कोणत्या स्थितीत आवळले होते ते आठवून पाहावे. या बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या पोलादी नळीला चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याला जखडली जाते, आणि आर्म वरखाली होताना रबर घसरत नाही, तर पिळले जाते. गाडी स्टँडवर असताना आर्म खाली लोंबत असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळले आणि मग गाडी जमिनीवर उतरवली, तर उभ्या गाडीतही रबराला कायमचा पीळ बसतो. त्यावर प्रत्येक खड्ड्याचा पीळ चढत जातो आणि रबर फाटते. यासाठी बोल्ट आधी फक्त हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढून दोन-तीन वेळा दाबून तिला तिच्या उंचीवर बसू द्यावे आणि मगच पूर्ण आवळावे. जमिनीवर असताना खाली हात पोहोचत नसेल तर चाकांखाली चढ-फळ्या ठेवाव्यात, किंवा आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून गाडीचे वजन आर्मवर घ्यावे.

पॉलियुरेथेनचा बुश वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्यातली नळी फिरते, पिळली जात नाही, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागते. शर्यतीच्या गाडीत त्याचा उपयोग आहे. कराडच्या पावसाळ्यात ग्रीस धुऊन गेले की तो करकरू लागतो आणि रस्त्याची कंपने केबिनमध्ये पोहोचवतो. घरच्या गाडीला रबरच बरे.

प्रश्न : आमच्या गावच्या रस्त्यावर उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे चाकोऱ्या पडतात आणि पाच माणसे बसली की गाडी खाली घासते. पुढच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे रबरी बफर मिळतात, ते लावले तर गाडी उचलली जाईल का? (एक वाचक, पलूस, जि. सांगली)

उत्तर : गाडी थोडी उचलली जाईल, परंतु ज्या वेटोळ्यांमध्ये बफर बसतो ती वेटोळी दबायची थांबतात. उरलेल्या वेटोळ्यांना सगळे काम करावे लागते, म्हणजे स्प्रिंग कापल्याप्रमाणेच ती कडक होते आणि ताण तारेच्या एका भागात एकवटतो. बफर आणि तार यांच्यामध्ये माती अडकून रंग खरवडला जातो आणि तिथे गंज धरतो, तो धोका वेगळाच.

गाडी पाच माणसांनी घासते म्हणजे बहुधा ती मागून बसते, त्यामुळे पुढे बफर लावून उपयोग होणार नाही. सपाट जागी रिकामी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करावी. एका बाजूला लक्षणीय फरक असेल किंवा पुस्तिकेतल्या उंचीपेक्षा गाडी खाली असेल, तर स्प्रिंग बसलेली आहे आणि तिची मूळ मापाची जोडी घेणे हाच उपाय आहे. आपल्या भागातल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, त्यामुळे डांबरावर लाटा तयार होतात. अशा लाटांवर गाडी लयीत खालीवर होऊन शेवटच्या लाटेवर आपटत असेल, तर दोष उंचीचा नसून शॉकअपचा आहे, आणि वर साताऱ्याच्या वाचकांना दिलेले उत्तर आपल्यालाही लागू पडते.

प्रश्न : सस्पेन्शनमध्ये बदल केल्यास आरटीओची किंवा विम्याची अडचण येते का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच तरतुदीवर भर दिला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२अ मध्ये आली. झिजलेला शॉकअप काढून उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापाचा नवा बसवणे ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे. स्प्रिंग कापणे किंवा गाडी उचलणे या गोष्टींकडे मात्र तपासणी अधिकारी वेगळ्या नजरेने पाहू शकतो, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात वादाचे कारण ठरतो. घरी काम केले तरी सुट्या भागांचे पक्के बिल घ्यावे, त्यावर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा आणि ते अलाइनमेंटच्या छापील पावतीसोबत विम्याच्या कागदांतच ठेवावे.